गोष्ट थोडक्यात सांगताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले काही गाळून व राहून गेलेले काही भरून येथे दिला आहे.)



या व्याख्यानमालेत आम्ही बोलावे असे कार्यकारिणीचे निमंत्रण आले, तेव्हा विषय कोणता, असे आम्ही विचारले. “विषय तुमचा, वेळ मात्र आमची. चाळीस मिनिटांत आटोपा,” असे उत्तर मिळाले. दामोदर नदीच्या काठच्या या पोलादी गावात आम्ही जवळजवळ चाळीस वर्षे मुलांना इंग्रजी शिकवले. चाळीस वर्षांचे चाळीस मिनिटांत सांगायचे, म्हणजे वर्षाला एक मिनिट. तेव्हा ज्या कामाची आम्हांला सर्वांत अधिक सवय आहे तेच या प्रसंगी करणे भाग पडत आहे, आणि तोच आजचा विषयही आहे. इंग्रजीच्या तासाला एखादी छोटी साहित्यकृती हाती घेऊन तिचा सारांश लिहायला मूल कसे शिकते, आणि शिकताना त्याच्या हातून काय काय सांडते, याविषयी आम्ही बोलणार आहोत.

मराठी मंडळाच्या व्यासपीठावर इंग्रजीच्या तासाची चर्चा कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. थोडा धीर धरावा. या विषयाचा आपल्या घराशी असलेला संबंध आम्हांलाही फार उशिरा कळला, आणि तो एका मराठी आजीबाईंनी दाखवून दिला.

आमचे शालेय शिक्षण खानदेशातील एका तालुक्याच्या गावी झाले. त्या वेळी मॅट्रिक अकरावीला असे, आणि इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत सारांशलेखनाचा प्रश्न हमखास असे. ‘प्रेसी’ हा फ्रेंच शब्द आमच्या गावात आम्ही ‘प्रेशी’ असा उच्चारीत असू आणि ते एखाद्या पक्वान्नाचे नाव असावे अशी आमची बरेच दिवस समजूत होती. नियम पाठ होते. मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश लिहावे, स्वतःच्या शब्दांत लिहावे, एकाच परिच्छेदात लिहावे, संभाषण असल्यास त्याचे अप्रत्यक्ष कथन करावे, पदरचे मत घालू नये, शेवटी शीर्षक द्यावे. नियम सांगणे सोपे होते आणि पाळणे त्याहून सोपे होते. प्रत्येक तिसरे वाक्य उचलले आणि एकदोन शब्द फिरवले की एक तृतीयांश होई. आमच्यातील बहुतेकांची हीच रीत होती.

पुढे एका वर्षी नवे इंग्रजीचे मास्तर आले आणि त्यांनी ही रीत एका आठवड्यात मोडली. त्यांनी उतारा दिलाच नाही. ओ. हेन्री या अमेरिकन लेखकाची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ ही १९०५ सालची गोष्ट त्यांनी वर्गात सावकाश दोनदा वाचून दाखवली, पुस्तक मिटून टेबलाच्या खणात ठेवले, आणि म्हणाले, “आता लिहा. शंभर शब्द.”

गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. नाताळच्या आदल्या दिवशी गरीब घरातील डेलाजवळ १ डॉलर ८७ सेंट एवढेच शिल्लक असतात. नवऱ्याला भेट द्यावी म्हणून ती आपले गुडघ्यांपर्यंत पोहोचणारे केस २० डॉलरांना विकते आणि त्याच्या वडिलोपार्जित घड्याळासाठी २१ डॉलरांची साखळी आणते. तिकडे नवऱ्याने तिच्या केसांसाठी सुरेख फण्या आणलेल्या असतात, आणि त्यांच्यासाठी घड्याळच विकलेले असते.

वर्गातील सगळ्यांनी १ डॉलर ८७ सेंट ही रक्कम अचूक लिहिली होती. आकडा दिसला की तो महत्त्वाचा असणारच, ही आपली परीक्षेने घडवलेली समजूत. मास्तर म्हणाले, “तुम्ही सगळे कारकून व्हाल, आणि चांगले व्हाल.” मग त्यांनी एका वहीतील शेवटचे वाक्य मोठ्याने वाचले. त्या विद्यार्थ्याने लिहिले होते, ‘अशा रीतीने दोघांचेही नुकसान झाले.’ वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. “हिशेब बरोबर आहे,” ते म्हणाले, “पण गोष्ट कुठे गेली?” ती वही आमची होती.

आज विचार करता वाटते, की त्या वाक्यात खोटे काहीच नव्हते. केस गेले, घड्याळ गेले, फण्या आणि साखळी निरुपयोगी झाल्या. उणे झाले होते ते एवढेच, की दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याने काय केले हे ठाऊक नव्हते, आणि जे विकले ते त्या घरातील एकमेव मोलाचे होते. हे दोन धागे काढले की गोष्टीचा व्यवहार होतो. मास्तरांनी फळ्यावर दोन स्तंभ आखले. एकात ‘आणि मग’ असे लिहिले, दुसऱ्यात ‘म्हणून’. आमच्या साऱ्या वह्या पहिल्या स्तंभात बसल्या. पुढे कॉलेजात ई. एम. फॉर्स्टरचे १९२७ सालचे कादंबरीविषयक पुस्तक वाचताना, राजा मेला व नंतर राणी मेली हे एक, आणि राजाच्या दुःखाने राणी मेली हे वेगळे, असा जो भेद त्याने केला आहे तो आढळला, तेव्हा आम्हांला नवे काही वाटले नाही. तो फळा आम्ही आधीच पाहिला होता.

आपल्याकडे संक्षेपाची हौस काही थोडीथोडकी नाही. मोरोपंतांनी १०८ रामायणे रचली अशी त्यांची ख्याती आहे. आणि संध्याकाळी परवचा म्हणणाऱ्या आपल्या पिढीतील पुष्कळांना एकश्लोकी रामायण मुखोद्गत असेल. तो श्लोक आम्ही एकदा आठवीच्या मुलांसमोर सारांशाचा नमुना म्हणून ठेवला. वनगमन आहे, कांचनमृग आहे, सीताहरण, जटायूचा मृत्यू, सुग्रीवाची भेट, वालीचा वध, समुद्र ओलांडणे, लंकेचे दहन, रावण व कुंभकर्ण यांचा अंत, सगळे क्रमाने आहे. मग मुलांना विचारले, यात कोण नाही? एक मुलगी म्हणाली, भरत नाही. दुसरा म्हणाला, लक्ष्मणही नाही. कैकेयी नाही, शबरी नाही, आणि लंका जळते पण ती जाळणाऱ्या मारुतीचे नाव नाही. श्लोककर्त्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ते नित्यपाठासाठी आहे, आणि म्हणणाऱ्याला बाकीचे ठाऊकच असते. पण रामायण मुळीच न ऐकलेल्या माणसाच्या हाती तो श्लोक दिला तर राम वनात का गेला हे त्याला कळणार नाही. सारांश कोणासाठी आहे, हा प्रश्न परीक्षेत कधीच विचारला जात नाही, कारण परीक्षकाने गोष्ट वाचलेली असते.

मास्तरांची आणखी एक युक्ती सांगितली पाहिजे. ते म्हणत, सारांश लिहिताना तारघराच्या खिडकीपाशी उभे आहात असे समजा. प्रत्येक शब्दाला पैसे पडत आहेत. कोणत्या शब्दावर पैसे खर्चाल? आमच्या मुलांना हे उदाहरण आता सांगून उपयोग नाही. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. परंतु या सभागृहातील पांढऱ्या केसांच्या मंडळींना तार म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. घरापासून दीड हजार किलोमीटरांवर राहणाऱ्या माणसाच्या दारात तारवाला उभा राहिला की घरातील बोलणे थांबत असे.

१९७८ च्या पावसाळ्यात आम्हांला अशीच एक तार आली. ‘फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.’ चार शब्द. मास्तरांच्या कसोटीला पूर्ण उतरणारा सारांश. हावड्याहून मुंबई मेल धरली आणि साऱ्या वाटेभर त्या चार शब्दांचा अर्थ लावीत बसलो. ‘सीरियस’ या शब्दाला अजून आशेची जागा होती. भुसावळच्या फलाटावर धाकटे बंधू उभे होते. त्यांचे मुंडण झालेले पाहिले आणि तारेतील गाळलेला मजकूर आम्ही तेथे वाचला. दूरच्या माणसाला प्रवासात धक्का बसू नये म्हणून गेलेल्या माणसालाही तारेत ‘सीरियस’ म्हणण्याची रीत होती, हे नंतर अनेकांकडून कळले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी अशी तार आली असेल. चार शब्दांत किती सांगता येते आणि किती झाकता येते, याचा त्याहून नेमका धडा आम्हांला कोणत्याही पुस्तकात मिळाला नाही. असो.

शिक्षक झाल्यावर मास्तरांच्याच पद्धतीने आम्ही शिकवू लागलो. गोष्ट दोनदा वाचायची, पुस्तक मिटायचे, थोडे थांबायचे, आणि जे आठवेल ते लिहायचे. नंतर पुस्तक उघडून, विसरलेले मुद्दाम विसरले की नकळत, हे पाहायचे. इंग्रजी सारांशात काळ कोणता वापरावा यावर मात्र दर वर्षी आठदहा दिवस जात. रुक्ष गद्य उताऱ्याचा सारांश भूतकाळी लिहिण्याची रीत आहे, पण साहित्यकृतीचा सारांश इंग्रजीत वर्तमानकाळी लिहितात. मुले हटकून ‘डेलाने केस विकले होते’ असे लिहीत. आम्ही त्यांना सांगत असू, की पुस्तक जेव्हा जेव्हा कोणी उघडेल तेव्हा तेव्हा डेला केस विकायला निघते. तिचे विकून झालेले नाही. हे एकदा पटले की मुले काळात चुकत नाहीत.

सगळ्या गोष्टी सारख्या नसतात हे मुलांना शिकवण्यासाठी आम्ही दोन रशियन कथा शेजारी शेजारी ठेवीत असू. टॉलस्टॉयची, माणसाला किती जमीन लागते ही १८८६ सालची कथा एका वाक्यात मावते. सूर्यास्तापर्यंत जेवढी जमीन पायी वेढशील तेवढी तुझी, अशा अटीवर धावलेला शेतकरी छाती फुटून मरतो आणि त्याला पुरण्यापुरतीच जमीन लागते. त्या वाक्यातही कथेचा कणा शाबूत राहतो. मुले खूश होत. मग त्याच वर्षीची चेखॉव्हची कथा काढायची. बर्फात उभा असलेला इओना पोतापोव्ह हा म्हातारा गाडीवान. त्याचा तरुण मुलगा त्याच आठवड्यात वारला आहे, आणि ते कोणाला तरी सांगावे एवढीच त्याची इच्छा आहे. तो एका लष्करी अधिकाऱ्याला सांगू पाहतो, मग तिघा टवाळ तरुणांना, मग एका दरवानाशी बोलू पाहतो, मग रात्री झोपेतून पाणी प्यायला उठलेल्या एका पोरसवदा गाडीवानाला सांगू लागतो. कोणी ऐकत नाही. शेवटी तो तबेल्यात आपल्या घोडीला सगळे सांगतो.

आता सारांशाचा पहिला नियम असा, की पुनरुक्ती गाळावी. मुले नियमाप्रमाणे मधले चारही प्रसंग गाळीत आणि लिहीत, ‘एका गाडीवानाचा मुलगा मरतो व तो ते आपल्या घोडीला सांगतो.’ हे वाचून एखाद्याला वाटावे की त्या माणसाला घोडीशी बोलण्याची खोड असावी. या कथेत पुनरुक्ती हाच आशय आहे. एकामागून एक दारे बंद झाल्याखेरीज तबेल्याचे दार उघडण्याला अर्थ नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने हा पेच फार साध्या रीतीने सोडवला. त्याने लिहिले की दिवसभर भेटलेल्या माणसांपैकी एकालाही त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबायला वेळ नाही. चार प्रसंग एका उपवाक्यात आले आणि चारांचा भारही राहिला. तो मुलगा पुढे पोलाद कारखान्यात अभियंता झाला. साहित्याशी त्याचा संबंध राहिला की नाही हे आम्हांला ठाऊक नाही, पण त्याचे ते वाक्य आमच्या लक्षात आहे.

कविता मात्र आम्ही सारांशासाठी कधी दिली नाही. क्लिअन्थ ब्रुक्स या अमेरिकन समीक्षकाने १९४७ साली कवितेच्या गद्य गोषवाऱ्याला पाखंड म्हटले. आमचे कारण एवढे विद्वत्तेचे नव्हते. कवितेचा सारांश लिहिलेली पहिलीच वही तपासताना आम्हांला कसेसेच झाले, एवढेच.

सारांशाला कमी लेखू नये यासाठी एक दाखला. चार्ल्स लॅम व त्याची बहीण मेरी यांनी १८०७ साली शेक्सपिअरच्या वीस नाटकांच्या गोष्टी मुलांसाठी सांगितल्या. आपल्यापैकी पुष्कळांचा शेक्सपिअर तेथूनच सुरू झाला. वीसपैकी चौदा गोष्टी मेरीच्या, सहा शोकांतिका चार्ल्सच्या. पहिल्या आवृत्तीवर नाव मात्र एकट्या चार्ल्सचे. इतिहासनाटके त्यांनी घेतलीच नाहीत, त्यामुळे तो पुस्तकभर हसवू शकला असता असा फॉल्स्टाफ त्यात नाही. तरी प्रस्तावनेत एक गोष्ट फार सुंदर आहे. मुलांना वडिलांच्या ग्रंथसंग्रहात लवकर प्रवेश मिळतो, मुलींना मिळत नाही, म्हणून हे पुस्तक विशेषतः मुलींसाठी, आणि भावांनी अवघड भाग बहिणींना समजावून सांगावा, असा त्या प्रस्तावनेचा आशय आहे. म्हणजे ज्याला मूळ वाचायला मिळते त्याने ज्याला मिळत नाही त्याला सांगायचे. सारांश कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर तेथे आधीच दिलेले होते. आम्ही ते अनेकदा वाचले, शिकवले, आणि आमच्या घरात त्याचा काही उपयोग आहे हे आमच्या ध्यानात आले नाही.

कारण आपली स्थिती कशी आहे पाहा. पन्नास वर्षांपूर्वी या गावात आलेल्या कुटुंबांतील मुले इंग्रजी शाळांत शिकली. त्यांची मुलेही तेथेच शिकत आहेत. रस्त्यावर बंगाली, मैदानावर हिंदी, वर्गात इंग्रजी. मराठी उरते ती ‘जेवायला चल’ आणि ‘दिवा लाव’ एवढ्यापुरती. आणि घरात एक आजी असते. सातारा, वर्धा, रत्नागिरीकडून मुलाकडे राहायला आलेली. नातू दिवसभर काय वाचतो हे तिला कळत नाही, आणि तिला काय येते हे नातवाला कळत नाही. तिला येते ते काही कमी नसते. आमच्या आजी श्रावणात सोमवारी खुलभर दुधाची कहाणी सांगत. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरण्याचा नेम केला, साऱ्या गावाने घरचे सगळे दूध ओतले तरी गाभारा भरेना. एका म्हातारीने मुलांना, वासरांना, लेकीसुनांना दूध दिले, आणि उरलेले खुलभर नेऊन ओतले तेव्हा गाभारा भरला. ‘एका म्हातारीच्या थोड्याशा दुधाने गाभारा भरला’ असा सारांश लिहिला तर तो चमत्कार होतो. वासरांचे नाव आले की मग ती कहाणी होते. आमच्या आजींनी वासरे कधी गाळली नाहीत. आणि साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत पुरी झाल्याचे सांगूनच त्या हातातल्या अक्षता देवाला वाहत. साठांचे पाच, म्हणजे बारावा हिस्सा. आमचे मास्तर तर तिसऱ्या हिश्श्यावरच समाधानी होते.

निवृत्तीनंतर मंडळाच्या वाचनालयात आम्ही रविवारी मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेऊ लागलो. एके दिवशी नववीतील एका मुलाने शाळेचा गृहपाठ आणला. रवींद्रनाथांच्या ‘काबुलीवाला’ या कथेचा इंग्रजीत १२० शब्दांत सारांश लिहायचा होता. बंगालीत ती १८९२ साली आली, आणि भगिनी निवेदितांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९१२ साली ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात छापले गेले. मुलाचा सारांश स्वच्छ होता. रहमत हा सुकामेवा विकणारा काबुली, लेखकाच्या पाच वर्षांच्या मिनीशी त्याची मैत्री, उधारीवरून झालेल्या भांडणात त्याने केलेला वार, तुरुंगवास, अनेक वर्षांनी मिनीच्या लग्नाच्याच दिवशी त्याचे येणे, आणि मिनीच्या वडिलांनी त्याला गावी जाण्यासाठी दिलेले पैसे. ११८ शब्द. एकही व्याकरणदोष नाही. आम्ही खाली लाल रेघ मारायला निघालो, आणि थांबलो.

त्या मुलाच्या आजी त्याला सोबत म्हणून येत आणि वाचनालयाच्या कोपऱ्यात वाती वळीत बसत. आम्ही मुलाला म्हणालो, “ही गोष्ट आजीला मराठीत सांग पाहू.” तो कुरकुरला. मराठीत त्याला एवढे बोलण्याची सवय नव्हती. तरी सांगू लागला.

पहिल्याच वळणावर तो अडला. कथेत रहमत मिनीला थट्टेने विचारतो, तू सासरी कधी जाणार नाहीस ना, आणि ती उलट विचारते, तू जाणार? बंगालीत मुलीच्या व पुरुषाच्या सासरला एकच शब्द आहे, आणि तोच शब्द तुरुंगासाठीही थट्टेने वापरतात. इंग्रजीत ‘सासऱ्याचे घर’ असे म्हणून भागवले आहे. मुलाने आजीला बंगाली शब्द सांगितला. आजी हसल्या. “अरे, पोरगी जाते ती सासरी, आणि जावई जातो तो सासुरवाडीला. म्हणजे त्या काबुल्याला सासुरवाडी म्हणजे सरकारचा पाहुणचार होय?” नववीतल्या त्या मुलाला मराठीत एकाच घरासाठी दोन शब्द आहेत हे त्या दिवशी कळले. आमच्या वर्गात ते त्याला कधी कळले नसते.

तो पुढे सांगत गेला आणि त्याच्या वहीतल्याप्रमाणेच गोष्ट संपली. आजींनी वात ताटलीत ठेवली.

“पण बाळा, परक्या माणसाच्या पोरीचा त्याला एवढा लळा कशानं?”

मुलगा गप्प झाला. आजींनी कथा वाचलेली नव्हती, इंग्रजीचे एक अक्षर त्यांना येत नव्हते, आणि त्यांनी त्या सारांशातील भगदाडावर नेमके बोट ठेवले होते. ज्यांनी कथा वाचली आहे त्यांच्या लक्षात आलेच असेल. रहमतच्या अंगरख्याच्या आत छातीशी एक चुरगळलेला कागद असतो, आणि त्यावर काजळी लावून उठवलेला एका लहान पंजाचा ठसा असतो. त्याचीही दूर पर्वतात एक मुलगी आहे. मिनीकडे तो सुकामेवा विकायला येत नव्हता. मुलाच्या ११८ शब्दांत दुसरी मुलगी नव्हतीच. त्याने पान उलटून पाहिले आणि म्हणाला, “आजी, एक राहिलं.” मग त्याने कागदाचे सांगितले, आणि हेही, की लग्नाच्या साजातील मिनीला पाहून रहमतला पहिल्यांदा उमगते, आपली मुलगीही आता एवढी झाली असेल, तिची ओळख नव्याने करून घ्यावी लागेल.

आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांची लेक कऱ्हाडला असते, आणि तिला भेटून तेव्हा चार वर्षे झाली होती, हे आम्हांला मागाहून कळले. मग त्या म्हणाल्या, “कागदावरचा हात काही वाढत नाही रे.”

मुलाने त्या संध्याकाळी सारांश पुन्हा लिहिला. मर्यादा १२० शब्दांचीच होती, म्हणून काहीतरी काढणे प्राप्त होते. भांडणाचे कारण असलेली रामपुरी शाल गेली, पिशवीतील हत्तीची थट्टा गेली, किती वर्षांची शिक्षा हे गेले. पंजाचा ठसा आला, आणि त्याच्याबरोबर एक ‘म्हणून’ आला. रहमतच्या हाती पैसे देताना मिनीचे वडील लग्नातील रोषणाई व वाजंत्री यांना का कात्री लावतात, हे त्या शब्दामुळे समजू लागले. शाळेत त्याला पहिल्या आवृत्तीला मिळाले असते त्याहून एक गुण कमी मिळाला, कारण शाल हा ‘आवश्यक मुद्दा’ उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात होता. मुलाने हे आम्हांला हसत सांगितले. आम्ही मात्र हसू शकलो नाही. नमुना तयार करणाऱ्यांत एके काळी आम्हीही होतो, आणि शालींसाठी आम्ही पुष्कळ गुण वाटले आहेत.

आता तर सारांश लिहिण्याचे कष्टही उरले नाहीत. पूर्वी बाजारात मार्गदर्शिका मिळत; हल्ली हातातल्या फोनला सांगितले की तो क्षणार्धात हव्या तेवढ्या शब्दांत सारांश काढून देतो, आणि तो पुष्कळदा आमच्या विद्यार्थ्यांच्या सारांशापेक्षा नेटका असतो. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु तो सारांश ऐकून, “एवढा लळा कशानं?” असे समोर बसून विचारणारे कोणी त्या फोनपाशी नसते. ते आपल्या घरात आहे, आणि दुपारी त्याला वेळही आहे.

कार्यकारिणीकडे आमची एवढीच मागणी आहे. रविवारच्या वर्गाची पद्धत आम्ही गेल्या वर्षापासून बदलली आहे. मुलाने आठवड्यात वाचलेली एक इंग्रजी कथा आधी मराठीत तोंडी सांगायची, ऐकणाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, आणि मगच इंग्रजीत लिहायला बसायचे. सध्या वर्गात सतरा मुले आहेत आणि ऐकणारे फक्त पाच. सतराजण पाचांना सांगतात तेव्हा गोंधळ फार होतो, आणि वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आमच्यावर रागावतात. आम्हांला आणखी बारा श्रोते हवे आहेत. इंग्रजी येण्याची अट नाही. न येणारे मिळाले तर अधिक बरे. वर्ग दुपारी चारला सुरू होतो. वाती, विणकाम, निवडायची भाजी, जे हातात असेल ते घेऊन यावे. ग्रंथपालबाईंची परवानगी आम्ही काढून ठेवली आहे.